बावन्न सेकंदांची जोडी

६ जून

प्रिय धाकटे,

तुझं पत्र ऑक्टोबरात आलं आणि उत्तर मी आज लिहिते आहे. आठ महिने झाले. माफ कर. "वेळ मिळाला नाही" असं लिहिणार होते, पण हात थांबला. दुसऱ्यांचा वेळ सेकंदांत मोजून जी पोट भरते तिने तरी हे कारण देऊ नये. खरं कारण सांगते. त्या पत्रात तू मुकादम झाल्याचं लिहिलं होतंस. मावशीने ते मला तीनदा वाचायला लावलं आणि मग शेजारच्यांना स्वतः तोंडपाठ म्हणून दाखवलं. "माझी लेक परदेशात तीस बायकांवर मुकादम आहे." मी अठरा वर्षं त्याच स्टुलावर बसले आहे. मला मत्सर वाटला. तो ओसरला की लिहू, असं म्हणत राहिले.

आता ओसरला म्हणून नाही, गरज पडली म्हणून लिहिते आहे. हेही कबूल.

फोनवर हे जमणार नाही. तुझा फोन दिवसभर फाटकावर जमा असतो, आणि संध्याकाळी आपण "सगळं ठीक ना?" "ठीक" यापुढे जात नाही. शिवाय आकडे कागदावरच बरे.

आपले दोन्ही कारखाने एकाच मालकाचे. तू आमचा फक्त फाटकाबाहेरून पाहिलास, म्हणून माझं काम सांगते, काही तुला ठाऊकच असेल. चामड्याचे हातमोजे उलटे शिवले जातात, शिवण आत जावी म्हणून. मग उलटणीच्या टेबलावर बायका ते सुलटे करतात. एक पोलादी दांडी टेबलाला पक्की, दुसरी हातात. दहाही बोटं एकेक करून दांडीवर चढवायची आणि खेचायची. आमच्याकडे अशा चाळीस बायका आहेत. एका जोडीला किती सेकंद लागतात ते मी मोजते आणि त्यावरून दिवसाचा नॉर्म ठरतो. सध्या जोडीला बावन्न सेकंद, आठ तासांत साडेपाचशे जोड्या.

गेल्या सोमवारी आमच्या मॅनेजरांनी, म्हणजे आम्ही ज्यांना पाठीमागे टक्केसाहेब म्हणतो त्यांनी, फळ्यावर एक मोठा कागद लावला. "इकडे: ५२ सेकंद. तिकडे: ३९ सेकंद." 'तिकडे' म्हणजे तुझा कारखाना. खाली लिहिलंय की तिकडे पगारही आपल्यापेक्षा जास्त आहे, कारण तिथल्या बायका कामाच्या आहेत. दोन्ही पगार तिसऱ्याच कुठल्यातरी देशाच्या चलनात मांडलेत, म्हणजे आम्हाला कोणालाच पडताळता येऊ नयेत.

एक ऑक्टोबरपासून आम्हालाही एकोणचाळीस. त्याच पगारात आठ तासांत सातशे अडतीस जोड्या. ज्यांच्या होणार नाहीत त्यांनी होईपर्यंत थांबायचं. मी हिशोब केला. आजच्या वेगाने दहा तास चाळीस मिनिटं लागतील.

पण जुन्या करारात एक कलम आहे. वेळ मोजणाऱ्या व्यक्तीची सही असल्याशिवाय नॉर्म बदलता येत नाही. ती व्यक्ती मी. सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत आहे.

आमच्या टेबलावरची सगळ्यात जलद बाई, तिला सगळे पारा म्हणतात, कागद वाचून म्हणाली, "तिकडच्या बायकांना एका हाताला सहा बोटं असतील." सगळ्या हसल्या. मग मी हसले नाही असं पाहून एकेक करून थांबल्या.

धाकटे, सरळ विचारते. तुमच्याकडे खरंच एकोणचाळीस सेकंदांत जोडी उलटते का? उलटत असेल तर मला सही केली पाहिजे. जे खरं आहे त्यावर सही करायची नाही असा माझा हट्ट नाही.

तुझी ताई


२४ जून

घड्याळवाल्या ताईसाहेबांस,

आठ महिन्यांनी आठवण झाली तीही कामापुरती! बरं आहे. मत्सराचं कबूल केलंस म्हणून माफ. दुसरी कोणी असती तर "प्रकृती बरी नव्हती" म्हणून मोकळी झाली असती. तुला खोटंही नीट बोलता येत नाही, लहानपणी आमच्या घरी राहायला आलीस तेव्हापासून तशीच तू. लाडूचा डबा मी फोडायचे आणि मार तू खायचीस, कारण आई तुझ्याकडे बघून विचारायची.

आता तुझा प्रश्न. एकोणचाळीस? हा आकडा मी आजवर ऐकलेला नाही. आमच्या भिंतीवर एक्केचाळीस आहे. काचेच्या चौकटीत, देवासारखा. कारखाना उघडला त्या दिवसापासून, म्हणजे चार वर्षं. आठ तासांत सातशे दोन जोड्या. होतात. आमच्या बायका काय कमी आहेत होय? हळू कोण म्हणेल त्याची खैर नाही.

पगाराचं म्हणशील तर तिसऱ्या देशाचं चलन गेलं चुलीत. तुमचं नाणं वेगळं, आमचं वेगळं, दोन्ही रोज वरखाली होतात. मी सांगते तसं कर. अंडी सगळीकडे अंडीच असतात. डझनभर अंड्यांना किती जोड्या उलटाव्या लागतात ते सांग. आमच्याकडे बाहत्तर. घरभाडं कारखान्याच्याच खोलीचं आहे, ते आधीच कापून घेतात, ते या हिशोबात धरलेलं नाही. खोली एकच आहे पण पाणी चोवीस तास.

तुझ्या मेहुण्याचं काम ठीक चाललंय. मोठा आता वडिलांच्या खांद्याला लागला. आईच्या गुडघ्यांचं काय? तेल संपलं असेल तर आणून दे, मी पैसे पाठवते.

आईला हे पत्र वाचून दाखव, पण डब्याचं वगळ.

तुझी धाकटी

अक्षर जरा मोठं आलंय. नवीन चष्मा घ्यायचा राहिलाय.


११ जुलै

प्रिय धाकटे,

डब्याचं आधी वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, "मला माहीत होतं. पण जी कबूल करते तिलाच मारून उपयोग असतो." यावर मी दोन दिवस विचार करते आहे.

अंड्यांची कल्पना फार चांगली निघाली. मी सुट्टीच्या दुपारी पारा आणि तिच्या जावेला घेऊन बसले. आमच्याकडे डझनाला एकसष्ट जोड्या. एकसष्ट गुणिले बावन्न सेकंद म्हणजे त्रेपन्न मिनिटं. तुमच्याकडे बाहत्तर जोड्या, प्रत्येकी एक्केचाळीस सेकंद, म्हणजे एकोणपन्नास मिनिटं. तुम्ही चार मिनिटांनी पुढे. पारा म्हणाली, "बघा, चार मिनिटांत एक अंडं उकडून होईल." तिची जाऊ म्हणाली, "कच्चं राहील की."

म्हणजे टक्केसाहेब पगाराबाबत खरं बोलले, असं मला मान्य करावं लागलं. मी तसं वहीत लिहिलंही. पण झोपायच्या आधी ते पान पुन्हा वाचलं आणि एक गोष्ट बोचली. माणसाचा हात दोन देशांत इतका वेगळा कसा चालेल? दांडी तीच, कातडं एकाच बाजारातून येतं, मोज्याचं माप तेच. पाराला मी बारा वर्षं मोजते आहे. तिची चांगली जोडी सत्तेचाळीस सेकंदांची, आणि तीसुद्धा सकाळची. तुमच्या तीसच्या तीस बायका पारापेक्षा जलद?

म्हणून मला दोन गोष्टी हव्यात. हजेरीच्या कार्डावरची वेळ नको. तू फाटकाबाहेर पाऊल टाकतेस तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेले असतात ते लिही.

आणि दुसरी, जरा कठीण. तू मुकादम आहेस. जोड्या कशा पुऱ्या होतात हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तू बायकांना थांबवून घेतेस का? घेत असशील तर मला सांगायला लाजू नको, पण लपवूही नको. तुझ्या मुकादमकीसाठी इथल्या चाळीस बायकांचे रोजचे दोन तास चाळीस मिनिटं जाणार असतील तर ते मला कळायला हवं. हे वाक्य मी तीन वेळा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. कठोर झालं आहे, पण काढत नाही.

मावशीच्या गुडघ्यांना तेल आणलं. पैसे पाठवू नको.

तुझी ताई


३० जुलै

ताई,

हे पत्र आईला वाचून दाखवू नको. आधी शपथ घे, मगच पुढे वाच.

मी मुकादम नाही. डिसेंबरात काढलं. दोन बायकांना ताप होता, मी त्यांना जोड्या पुऱ्या न करता घरी सोडलं, दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची गेली. सात महिने मी उलटणीच्या टेबलावर आहे. ज्या तिसांवर मी होते त्यांतली एकतिसावी. आईने शेजारीपाजारी डंका पिटलेला, तिला काय सांगायचं होतं? आणि तुला सांगितलं असतं तर तू तिच्यापासून लपवलं नसतंस. तुझ्या पोटात काही राहत नाही.

चष्म्याचं खोटं होतं. उजवा अंगठा सुजतो, पेन नीट धरता येत नाही.

आता मी बायकांना थांबवून घेते का, या तुझ्या वाक्याबद्दल. तीन वेळा खोडलंस म्हणतेस. चौथ्यांदा खोडायचं होतंस. ते वाचून मी पत्र चुलीजवळ नेलं होतं. जाळलं नाही, कारण मागच्या बाजूला आईने स्वतःच्या हाताने "सुखी राहा" लिहिलंय.

ऐक आमचा दिवस. आठला आत. आठ तास कामाचे, वर जेवणाचा अर्धा तास, म्हणजे साडेचार. साडेचारला आम्ही रांगेत कार्ड छापतो. कार्डावर आठ तास पुरे. मग सगळ्या परत टेबलावर. कोणी सांगत नाही, कोणी ओरडत नाही. उरलेल्या जोड्या टेबलावर असतात आणि सातशे दोन झाल्याशिवाय फाटकावरचा माणूस फोन परत देत नाही. कधी साडेसहा, कधी पावणेसात. म्हणजे तुझ्या हिशोबात दहा तास आणि वर. जोडीला आमचेही बावन्नच सेकंद लागतात, बाई. सहा बोटं नाहीत आम्हाला.

मी "होतात" लिहिलं ते खोटं नव्हतं. होतात. कशा होतात ते तू विचारलं नव्हतंस. आणि मला वाटलं, तू तिकडे आठ तासांत घरी जाऊन डायरी लिहिणार, आणि मी माझी फजिती का सांगू? म्हणून शेखी मिरवली. झालं.

अंडी पुन्हा मोज. बाहत्तर गुणिले बावन्न. मी केलं. बासष्ट मिनिटं. तुमच्यापेक्षा नऊ मिनिटं जास्त. पुढे तुम्हीच आहात गं, आणि तुम्हाला आमच्या मागे धावायला सांगतायत.

आणखी एक. चौकटीतला कागद मी कधी नीट वाचला नव्हता, फक्त आकडा पाहायचे. काल जवळ जाऊन उतरवून घेतला. जसा आहे तसा देते:

"क्रिया: उलटणी. नमुना: २० जोड्या. सरासरी: ४१ सेकंद. मोजणीचा दिनांक: ९ मार्च. मोजणी: वेळ विभाग, मुख्य कारखाना."

मुख्य कारखाना म्हणजे तुमचाच ना? तुमच्याकडे कोणी मोजलं हे? कोण आहे ती महामाया ते शोध. सापडली की तिला माझ्या वतीने एक ठेवून दे.

धाकटी


१४ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

ती महामाया मी आहे.

तुझं पत्र कार्यालयात उघडलं. "९ मार्च" वाचलं आणि पत्र तसंच पिशवीत ठेवलं. घरी येऊन त्या वर्षीची वही काढली. मी रोज लिहिते हे तू हसण्यावारी नेतेस, पण त्या पानावर सगळं आहे. मी ते जसंच्या तसं उतरवते, सुधारत नाही:

"९ मार्च. उलटणी मोजली, २० जोड्या, पारा. सरासरी ४१. कातडं ओल्या गोणपाटाखाली तासभर ठेवलेलं, त्यामुळे मऊ. शेऱ्यात लिहिलं. साहेबांना स्वच्छ प्रत एका पानात हवी होती, शेऱ्याचा रकाना बसेना, म्हणून टाइप करताना गाळला. मूळ कागदावर आहेच."

तेव्हा इथल्या बायका मोजे उलटण्याआधी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायच्या. ओलं कातडं दांडीवर लोण्यासारखं सरकतं. दोन महिन्यांनी एक मोठा माल बुरशी लागून परत आला आणि ओल्या गोणपाटाला कायमची बंदी झाली. मी कोरड्या कातड्यावर पुन्हा मोजलं. बावन्न आले. आमचा नॉर्म बावन्न झाला आणि मी समाधानाने फाइल बंद केली. जुनी स्वच्छ प्रत रद्द करायला हवी हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्याच सुमारास तुमचा कारखाना उघडला, ती प्रत तिकडे गेली आणि चौकटीत बसली.

आणि एकोणचाळीस कुठून आले तेही सापडलं. एक्केचाळीसमधून शेकडा पाच वजा कर. एकोणचाळीस उरतात. कोणी मोजलेलेच नाहीत. माझा आकडा तुमच्याकडे 'इकडचा' म्हणून गेला, तुमच्याकडून 'तिकडचा' म्हणून परत आला, वाटेत पाच टक्के झिजून. टक्केसाहेबांना मी सोमवारी सहज विचारलं, "तिकडे ही मोजणी कोणी केली?" ते म्हणाले, "मोजणी कशाला? सुधारणा धरली आहे."

चार वर्षं, तीस बायका, रोज दोन तासांहून जास्त. मी गुणाकार करायला घेतला होता आणि सोडून दिला. तो करून मला बरं वाटलं असतं, म्हणजे शिक्षा भोगल्यासारखं, आणि तेवढ्यावरच मी थांबले असते. स्वतःला मी एवढी ओळखते.

तुला लिहिलेलं ते वाक्य मागे घेते. थांबवून घेणारी मीच होते.

तू शपथ घातली होतीस. मी मोडली नाही, पण उपयोग झाला नाही. मावशीने पाकीट माझ्या हातातून घेतलं, पत्त्याच्या ओळीकडे बघितलं आणि म्हणाली, "जूनच्या पत्रावरूनच कळलं होतं मला. मुकादम एवढं मोठं अक्षर काढत नाही. अंगठ्याला शेक दे म्हणावं." मग अक्षर लावत पत्र स्वतःच वाचून काढलं. शेजारणीने विचारलं तर तिला सांगत होती, "माझ्या लेकीने आजारी बायकांना घरी सोडलं म्हणून तिची खुर्ची गेली." त्याच आवाजात, त्याच तोऱ्यात.

सोबत दोन कागद पाठवते. माझ्या मूळ मोजणीची, शेऱ्यासकट, प्रत. आणि कोरड्या कातड्यावरच्या बावन्न सेकंदांची. दोन्हींवर माझी सही, हुद्दा, आजची तारीख. या सहीचे परिणाम काय होतील ते पूर्ण जाणून पाठवते आहे. यांचं काय करायचं ते तू ठरव. माझ्या नोकरीचा विचार करू नको. तो मी करून झाला.

ताई


५ सप्टेंबर

ताई,

रडून झालं असेल तर डोळे पूस. तुला एक ठेवून द्यायची होती ती माफ, कारण आईने तुझ्या वाटणीचा मार लहानपणीच देऊन ठेवलाय. आगाऊ.

कागद मिळाले. मी मोठ्याने वाचले, जेवणाच्या सुट्टीत, टेबलावर उभी राहून. ओल्या गोणपाटाचं आलं तेव्हा आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे चार वर्षं आपण कोरड्या मोज्यांशी ओल्या मोज्यांची शर्यत लावतोय?" एवढं सोपं मला सांगता आलं नव्हतं.

आम्ही मुकादमाकडे गेलो. मी म्हटलं, "एक तर ओलं गोणपाट द्या, नाहीतर बावन्न सेकंद द्या. दोन्हींतलं काहीही चालेल." तो म्हणाला, ओल्याने बुरशी येते. मी म्हटलं, "मग बावन्न." तो म्हणाला, वर विचारतो. तीन दिवस विचारत राहिला.

चौथ्या दिवशी साडेचारला आम्ही कार्ड छापलं आणि परत टेबलावर गेलो नाही. सरळ फाटकाकडे. अकरा जणी होतो. बाकीच्या आत थांबल्या, त्यांना दोष देत नाही, भाड्याची खोली कारखान्याचीच आहे. फाटकवाला फोन देईना. म्हटलं, ठेव. बिनफोनाच्या गेलो. उजेड होता गं अजून! सगळ्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, कोणालाच कळेना एवढ्या उजेडात करायचं काय. एक म्हणाली, "माझ्या दाराचा रंग निळा आहे, मी विसरलेच होते."

दुसऱ्या दिवशी एकोणीस. परवापासून एकतीसच्या एकतीस. खोल्या खाली करा म्हणून नोटीस आली आहे. तुझा मेहुणा म्हणाला, "काढतील तर काढू देत, दाराला कुलूप त्यांचं आहे, संसार आपला आहे." एवढं लांबलचक वाक्य लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला.

काल वरून माणूस आला. चौकट काढून नेली. नवीन आकडा अजून लावलेला नाही. भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय. पुढे काय ते माहीत नाही. पण त्याने एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, "हे कागद कोणी दिले?" सही तुझी आहे, लपवण्यासारखं काही नाही. मी सांगितलं, "माझ्या बहिणीने."

ते तुझ्यापर्यंत येतील. तू काय करणार?

धाकटी


२७ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

आले. आज सकाळी दहाला टक्केसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. तुमच्या चौकटीतून काढून नेलेला तो कागद आणि एक ऑक्टोबरचं नवीन वेळपत्रक, एकोणचाळीसचं, सहीसाठी जागा सोडलेलं.

म्हणाले, "तिकडे काय झालं ते विसरू. इथे सही करा, प्रकरण इथेच संपतं."

मी विचारलं, "हे एकोणचाळीस कोणी मोजले?"

"बाई, अठरा वर्षं नोकरी झाली तुमची. तुम्ही कंपनीच्या बाजूच्या की कामगारांच्या?"

मी म्हणणार होते, मी घड्याळाच्या बाजूची. छान वाक्य होतं, रात्रीच वहीत लिहून ठेवलं होतं. पण तोंडाशी आलं आणि लाज वाटली. घड्याळ नऊ मार्चलाही बरोबरच चाललं होतं. शेरा गाळला तो मी. म्हणून म्हटलं, "त्या चाळीस बायकांच्या आणि तिकडच्या एकतिसांच्या. माझी सही होणार नाही. आणि नऊ मार्चच्या मोजणीखालची माझी सही मी रद्द करते आहे, हा घ्या अर्ज."

"सही नसेल तर दुसरा माणूस नेमू."

"नेमा. पण करारात आहे की नवीन मोजणी उलटणीच्या बायकांसमोर, कोरड्या कातड्यावर, भर दिवसा व्हायला हवी. अर्जाची प्रत कामगार अधिकाऱ्याकडे कालच दिली आहे. पोच पाठीमागे लावली आहे."

त्यांनी पोचेवरचा शिक्का वाचला. मग म्हणाले, "तुम्हाला वाटतं तुम्ही फार प्रामाणिक आहात."

मी म्हटलं, "नाही. मी चार वर्षं उशिरा आले आहे."

 बाहेर आल्यावर जिना उतरताना विचार केला, हे सगळं मी त्या बायकांसाठी केलं की त्या नऊ मार्चच्या पानावरचा डाग पुसायला?  मग वाटलं, कशासाठीही असो. त्यांचे तास तर वाचले.

दुपारी दोन आदेश आले. पहिला फळ्यावर: नवीन नॉर्म पुढील मोजणीपर्यंत स्थगित. एक ऑक्टोबरला बायका आठ तासच काम करतील. पाराने तो वाचला आणि फळ्यासमोर उभं राहून सर्वांना मोठ्याने ऐकवला, "स्थगित म्हणजे रद्द नव्हे गं बायांनो, पेढे वाटू नका, पण आज पाय पसरून जेवा."

दुसरा आदेश माझ्या हातात दिला. स्टॉपवॉच आणि कपाटाची किल्ली परत करणे. बदली: उलटणी विभाग, टेबल क्रमांक चार, उद्यापासून. पगार त्या टेबलाचा. त्यांना वाटलं असणार, मी राजीनामा देईन. चव्वेचाळीसाव्या वर्षी पदवीधर बाई दांडी धरणार नाही. मावशीला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "तुला काय येतं का ते?" म्हटलं, "नाही." म्हणाली, "मग शीक. अठरा वर्षं दुसऱ्यांचं बघतेस."

मी राजीनामा देणार नाही, धाकटे. नवीन मोजणी होईल तेव्हा टेबलावर एक अशी बाई असेल जिला नॉर्मचा प्रत्येक रकाना ठाऊक आहे. शेऱ्याचा रकाना गाळताना मला कोणीतरी दिसायला हवं होतं. आता त्यांना मी दिसेन. आणि माझ्या जोडीला दोन मिनिटं लागली तर तीही खरीच असतील, तशीच लिहिली जातील.

निघताना टेबल क्रमांक चारची पाहणी करून आले. पारा माझ्या शेजारी आहे. तिने माझा हात उलटसुलट करून बघितला, कोंबडी विकत घेताना बघतात तसा. म्हणाली, "बाई, या नखांनी पहिल्याच दिवशी दहा मोजे फाडाल, आणि त्याचे पैसे आमच्या टेबलाला लागतील."

तुझ्या खोलीच्या नोटिशीचं काय झालं ते लगेच कळव. माझ्या पगारातून आता फारसं निघणार नाही, पण मावशीने तिच्या ट्रंकेतलं काहीतरी बाजूला काढून ठेवलंय आणि मला दाखवत नाही.

उद्या: आठच्या आत नखं कापायची, दहाही.

तुझी ताई